शंभर किलोमीटर आणि वरचे दहा

कर्जत तालुक्यातल्या यजमानांचं एक ठरलेलं वाक्य असतं: "काही लांब नाही हो, स्टेशनपासून दहाच किलोमीटर." यात खोटं काहीच नाही. सीएसएमटी ते कर्जत हे शंभर किलोमीटर लोकलने दोन-सव्वादोन तासांत होतात. वरचे दहा किती वेळात होतील हे ब्रह्मदेवाला विचारूनही उपयोग नाही, कारण टमटम भरेपर्यंत त्यालाही थांबावं लागेल. माझं स्पष्ट मत आहे की या तालुक्याचं वेळापत्रक रेल्वेही ठरवत नाही आणि एसटीही ठरवत नाही. ते सह्याद्री ठरवतो, आणि तो कुणालाही आगाऊ कळवत नाही.

सुरुवात फलाटावरच्या इंडिकेटरपासून करू, त्यावर लोकल कुठली हे अक्षरांत लिहिलेलं असतं. 'एस' म्हणजे कर्जत, 'एन' म्हणजे कसारा, 'केपी' म्हणजे खोपोली. खोपोलीची गाडी कर्जतवरूनच जाते, तेव्हा तिच्यात बसायला हरकत नाही. 'बीएल' बदलापूरला संपते, 'ए' अंबरनाथला. कल्याणनंतर कसाऱ्याची आणि कर्जतची वाट वेगळी होते. डोळा लागलेला आणि चुकून 'एन'मध्ये बसलेला प्रवासी टिटवाळ्याला जागा होतो. तिथे निदान गणपती तरी आहे.

कल्याण सोडलं की वैभव संपतं. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी रोड करत जाणारे रूळ दोनच, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. लोकल, पुण्याकडच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्या, सगळ्यांचा संसार त्याच दोन रुळांवर. एक्स्प्रेस उशिरा आली, तरी उशिरा आलेल्या विहिणीसारखा मान तिलाच. लोकलने बाजूला उभं राहायचं आणि आतल्यांनी खिडकीतून भाताची खाचरं मोजायची.

पुण्याच्या वाटेवर मुंबईची लोकल कर्जतला संपते, आणि तिचाही नाइलाज आहे. इथून लोणावळा अवघं २८ किलोमीटर, पण बोरघाटाची चढण ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. १८६३ साली रेल्वे या घाटातून गेली, तेव्हापासून ही चढण कुणाला चुकलेली नाही. पुण्याला जाणारी बहुतेक एक्स्प्रेस कर्जतला थांबते ती प्रवाशांच्या प्रेमाखातर नव्हे. गाडीच्या शेपटाला बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावायची असतात. सगळी ओढ पुढूनच दिली तर डब्यांमधल्या कपलिंगवर नको इतका ताण येतो आणि ते तुटलं तर मागचे डबे उताराला लागतात, म्हणून मागून ढकलायचं. ते जोडेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यावर कर्जतचा वडा उभा आहे. खाद्यसंस्कृतीच्या जाणकारांनी मसाल्याचा अभ्यास जरूर करावा, पण या वड्यातला मुख्य घटक बँकरच आहे. २०२३ पासून धावणारी सोलापूरची वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते आणि कर्जतला थांबत नाही. प्रगतीला वडा मिळत नाही.

परत येताना गाडी उतारावर असते, ढकलायची गरज नसते. त्यामुळे जाताना थांबणारी गाडी येतानाही थांबेल असं गृहीत धरू नका. वेळापत्रकात थांबा छापलेला असेल तरच तिकीट काढा, नाहीतर कर्जत डोळ्यांसमोरून जातं आणि तुम्ही कल्याणला उतरून पुन्हा 'एस'ची वाट बघता.

पनवेलचा प्रकार आणखी मजेशीर. कर्जतपासून ते तीसेक किलोमीटर. रूळही आहेत, पण जुना मार्ग एकेरी, मालगाड्यांच्या आणि लांब पल्ल्याच्या मोजक्या गाड्यांच्या कामाचा. म्हणून लोकलनेच जायचं म्हणणाऱ्याने उलटं ठाण्याला जायचं आणि तिथून ट्रान्सहार्बर मार्गाच्या लोकलने पनवेल गाठायचं. तिसाच्या जागी शंभरेक किलोमीटर होतात. यावर उतारा म्हणून चौक, मोहोपे, चिखले अशी स्टेशनं असलेला २९.६ किलोमीटरचा दुहेरी उपनगरी मार्ग हाती घेण्यात आला. त्याच्या कामासाठी कर्जत यार्डात ब्लॉक घेतला, की लोकल नेरळलाच आटोपायची.

नेरळला उतरलेला माणूस दोनपैकी एक असतो: माथेरानला जाणारा, किंवा माथेरानला जाणाऱ्यांना "हो, हीच लाइन" असं सांगून दमलेला. १९०७ साली सुरू झालेली ही दोन फुटी रुळांची गाडी सुमारे २१ किलोमीटर वळणं घेत, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज करत दोन तासांहून जास्त वेळात वर पोचते. मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा डांबरी रस्ता याच्या निम्म्याहूनही कमी आहे. फेऱ्या मोजक्या, डबे लहान, आणि रांग मात्र ब्रॉडगेजची. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, तेव्हा भर जुलैत तिकिटाच्या खिडकीवर वाद घालू नका. अमन लॉज ते माथेरान शटल चालते. २०१९च्या पावसाने रूळच इतके उखडले की खालची गाडी पुन्हा सुरू व्हायला २०२२चा ऑक्टोबर उजाडला.

गाडी हुकली तर शेअर टॅक्सी. ती सीटा भरल्याशिवाय हलत नाही आणि दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाही, कारण माथेरानात मोटारींना बंदी आहे. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर: शटल, घोडा, ई-रिक्षा किंवा पाय. चाकांची सुटकेस आणणाऱ्यांना लाल मातीच्या रस्त्यावर तिची चाकं शोभेची असल्याचं लवकरच समजतं.

आता ते वरचे दहा. कर्जत स्टेशनबाहेर टमटम उभी असते आणि "चला कशेळे, कशेळे, एकच सीट!" असा पुकारा चालू असतो. गाडीत दोघंच असले तरी सीट एकच उरलेली असते. पुढे चालकाच्या दोन्ही बाजूंना माणसं बसतात. अशा वेळी "मामा, जरा सरका" म्हणायचं, आणि मामांनी न सरकता सरकल्यासारखं करायचं. सुटे पैसे मुठीत ठेवा, कारण एकदा बसल्यावर खिशापर्यंत हात जात नाही. एसटी स्वस्त आणि ऐसपैस, पण तिची वेळ लोकलशी जुळेलच असं नाही. लोकल दहा मिनिटं उशिरा आली, की वेळेवर सुटलेल्या एसटीची नुसती धूळ दिसते.

पावसात उल्हास नदी पात्र सोडते. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. म्हणून अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी यजमानांना "पुढच्या रविवारी येतो" सांगावं. त्यांनाही हायसं वाटतं.

डोंगराची खरी मिजास खांडसला दिसते. कशेळ्यावरून खांडसला पोचलात की भीमाशंकर डोक्यावर असतं. गाडीने तिथे जायचं तर खोपोली, लोणावळा, तळेगाव, चाकण, राजगुरुनगर असा दीडशे किलोमीटरहून मोठा फेरा. पायी गेलात तर गणेश घाट किंवा शिडी घाट. शिडी घाट जवळचा, पण लोखंडी शिड्यांचा आणि पावसात निसरडा. गणेश घाट लांबचा आणि शहाण्यांचा. कुठूनही चढा, पण खांडसला उतरतानाच टमटमवाल्या दादांना परतीची शेवटची गाडी विचारून ठेवा. ते "पाचला" म्हणतील. पाचला म्हणजे भरली तर साडेचारला, नाही भरली तर उद्या सकाळी.