‘बाळाकडे बघ, सगळं विसरशील’ म्हणणाऱ्यांसाठी

एक मजकूर सध्या मोबाइलवरून हातोहात फिरतोय. म्हणे, बाळंतपणानंतरचं रडू चार दिवसांचं. आधीच्या बायकांना कुठे होतं असलं नैराश्य? डॉक्टरकडे गेलं की गोळ्या सुरू आणि बाळाचं दूध बंद. शिवाय मानसोपचारतज्ज्ञ मिळतो कुठे? तेव्हा बाळाकडे बघा आणि विसरा. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही, पण असलं वाचून बायका दवाखान्याच्या दारातून परत फिरतात.

चार दिवसांचं रडू असतं, हे खरंच. बहुतेक बाळंतिणींना तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच भरून येतं आणि दोनेक आठवड्यांत ते ओसरतं. नैराश्य तसं ओसरत नाही, आणि कित्येकदा त्याची सुरुवात गरोदरपणातच झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १० टक्के गरोदर आणि १३ टक्के नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांना मानसिक त्रास होतो, मुख्यतः नैराश्य. बाळ गाढ झोपलंय, सांभाळायला माणूस आहे, तरी आईचा डोळा लागत नाही, असं रोज होत असेल तर ते नुसतं जागरण समजू नका.

आधीच्या बायकांचं म्हणाल, तर फ्रान्समधल्या लुई-व्हिक्टर मार्से या डॉक्टरने गरोदर, बाळंतीण आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या मनोविकारांवर अख्खा ग्रंथ लिहिला, तो १८५८ साली.

गोळ्यांची भीती समजू शकते. पण सौम्य त्रासात सहसा आधी समुपदेशन असतं. गोळी लागलीच, तर सर्ट्रलिनसारखं औषध दुधात फार थोडं उतरतं. पाजणाऱ्या आयांना ते देतात. उलट आधीपासून औषध चालू असताना दिवस गेले म्हणून परस्पर बंद करणं धोक्याचं. काही औषधं गरोदरपणात बदलावी लागतात, पण ते डॉक्टरने ठरवायचं.

तज्ज्ञ कमी आहेत, हा मुद्दा मात्र मान्य. म्हणून मदतच नाही, हे अमान्य. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात साध्या आरोग्यसेविकांना शिकवून नैराश्यातल्या गरोदर बायकांच्या घरी पाठवलं. २००८ साली निष्कर्ष आले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या गटात २३ टक्के आया नैराश्यात होत्या, नेहमीच्या भेटी मिळालेल्या गटात ५३ टक्के. ओळखण्याचं साधनही जुनंच आहे, १९८७ची एडिनबरो प्रश्नावली. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दलचे. पाच-दहा मिनिटांचं काम! पण तपासणीत बाळाचं वजन होतं, टाके बघितले जातात आणि ‘बाकी ठीक ना?’ एवढं विचारून पुढचा नंबर पुकारतात. त्या ‘ना?’ला ‘नाही’ म्हणायला किती जोर लागत असेल!

एक अपवाद. हजारात एक-दोन बाळंतिणींना सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा आजार होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. झोप पार उडते, बोलणं असंबद्ध होतं, बाळाबद्दल भलतेच संशय येतात. तिथे त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. आणि ‘बाळाकडे बघ’ तर मुळीच म्हणायचं नाही, कारण तोवर तिला बाळाजवळ एकटं ठेवायचं नसतं.