हिरव्या ठिपक्यावर किती भिस्त ठेवायची?

तुळशीचं लग्न लागलं की बेळगाव, निपाणी, खानापूरकडे लग्नाच्या खरेदीबरोबर एक वाद हमखास निघतो, आणि इथे बर्मिंगहॅममध्ये तो वाचताना माझं डोकं भणभणतं. नवरीच्या मेकअपला कुणी व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून काढलेलं काहीच नसलेलं, आणि प्राण्यांवर चाचणी न केलेलं सामान मागितलं की दोन उत्तरं तयार असतात. एक : ‘भारतात चाचणी २०१४ सालीच बंद झाली, आता आणखी काय बघायचं?’ दुसरं : ‘हे तिकडच्यांचे चोचले. आपलं कुंकू-काजळ पहिल्यापासून शाकाहारीच.’ ज्या भागातल्या जैन घरांत चातुर्मासात ताटातली भाजीसुद्धा पारखून घेतात, तिथे ही उत्तरं खपावीत याचं वाईट वाटतं.

२०१४ चा कायदा खरा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मे महिन्यात देशातली चाचणी थांबली, नोव्हेंबरात चाचणी झालेल्या मालाची आयातही. युरोपीय संघाने विक्रीवरची बंदी पुरी केली ती २०१३ मध्ये, म्हणजे आपण मागे नव्हतो. पण तो कायदा चाचणीपुरता आहे, डबीत काय घातलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कोशिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग घातलेली लिपस्टिक क्रुएल्टी-फ्री असू शकते, व्हीगन नाही. उलटही होतं. घटक सगळे वनस्पतींचे नि खनिजांचे, पण कंपनी दुसऱ्या एखाद्या देशात विकायला चाचणी करून घेते. चीनमध्ये आयात होणाऱ्या साध्या सौंदर्यप्रसाधनांनाही ती सक्तीची होती; मे २०२१ पासून ठरावीक कागदपत्रं दिली तर सूट मिळते.

हिरव्या ठिपक्याचंही तसंच. खाद्यपदार्थांच्या नियमात दूध, मध, मधमाश्यांचं मेण आणि लाख यांना मांसाहारी धरत नाहीत. त्या नजरेने शाकाहारी ठरलेली वस्तू व्हीगन असेलच असं नाही. आणि आजीच्या करंड्याचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा : कपाळाला आधी मेण लावून त्यावर कुंकू, ते मेण मधमाश्यांचं. काजळात तूप. जुना अळता लाखेच्या किड्याचा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण ‘पहिल्यापासून’ हा दावा टिकत नाही.

म्हणून खोका उलटा करावा. घटकांच्या यादीत रंग ‘सीआय’ क्रमांकाने लिहितात. सीआय ७५४७० म्हणजे कार्माइन, तोच किड्यांचा रंग. गुलाबी, राणी, जांभळट छटांत बरेचदा. सीआय ७५१७० म्हणजे ग्वानिन, माशांच्या खवल्यांची चमक. सेरा अल्बा म्हणजे मधमाश्यांचं मेण, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीचं. यादीच्या शेवटी +/- असं चिन्ह दिसलं की त्यापुढचे रंग त्या मालिकेतल्या सगळ्या शेडचे मिळून असतात, तुमच्या शेडमध्ये असतीलच असं नाही. इथेच बहुतेकजणी फसतात. ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड मात्र नुसत्या नावावरून कळत नाहीत. ती पामतेलाची असतात, तशी चरबीचीही.

लिपस्टिकमधून मधमाश्यांचं मेण काढलं की त्या जागी कँडेलिला किंवा कार्नोबा हे वनस्पतींचं मेण येतं. ती दोन्ही जास्त कडक. मेण जितकं काढलं तितकंच कँडेलिला घातलं तर कांडी ओठांवर ओढते, रंग सलग बसत नाही. प्रमाण चुकलं आणि तेल धरून राहिलं नाही, तर वैशाखाच्या उकाड्यात कांडीवर घामासारखे तेलाचे थेंब येतात आणि ती बुडाशी मोडते. ‘व्हीगन लिपस्टिक टिकत नाही’ ही तक्रार बरेचदा या कच्च्या बनावटीची असते. उन्हातल्या गाडीत ती ठेवू नये, एवढं आपल्या हातात आहे.

ब्रशचे केसही बघावेत. एक केस जाळला आणि केस जळाल्याचा वास येऊन राख झाली तर तो जनावराचा. वितळून गोळी झाली तर नायलॉनचा.

सशाचं कुठलंही चित्र म्हणजे हमी नव्हे. उडी मारणाऱ्या सशाच्या लीपिंग बनी खुणेमागे कच्चा माल पुरवणाऱ्यांपर्यंत तपासणी असते आणि एक ठरलेली तारीख असते, जिच्यानंतर चाचणी चालत नाही. पेटा या प्राणिहक्क संघटनेची यादी मुख्यतः कंपनीच्या लेखी हमीवर चालते.

‘तुम्हाला तिकडे सोपं आहे,’ हे मला ऐकून घ्यावं लागतं आणि ते खरंही आहे. सुपरड्रग या इथल्या दुकानसाखळीच्या स्वतःच्या ब्रँडवर तो ससा असतो, बेळगावच्या खडेबाजारात तो शोधावा लागतो. तरी ब्रिटन धुतल्या तांदळासारखं नाही. १९९८ पासून इथे बंदी, पण २०१९ पासून रसायन-सुरक्षेच्या नियमांखाली काही घटकांच्या चाचण्यांना परवाने दिले गेले. २०२३ मध्ये ते बाहेर आल्यावर फक्त सौंदर्यप्रसाधनांत जाणाऱ्या घटकांसाठी नवे परवाने थांबले. ‘तिकडची’ म्हटलं की मला लागतं. पाटीवर मराठी किती, कानडी किती, या भांडणात मी अजून मनाने बेळगावातच असते, आणि डबीच्या मागच्या बारीक इंग्रजी अक्षरांवर तिथे कुणी एवढं भांडत नाही म्हणूनच हे लिहिते आहे.

कंपनीला पत्र पाठवताना शेडचं नाव आणि बॅच नंबर द्या. या शेडमध्ये ७५४७० आहे का, ग्लिसरीन कशापासून, घटक पुरवणारे कुठल्या तारखेपासून चाचणी करत नाहीत, हे तिन्ही विचारा. उत्तरात नुसतं ‘आम्ही प्राण्यांवर प्रेम करतो’ एवढंच आलं, तर ती लिपस्टिक यादीतून काढून टाका.