गणपतीत लोडशेडिंग

गणपती बसले त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास आमच्या भिंतीवरच्या गोल चकतीने, म्हणजे एसीचं तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटने, आपण होऊन ७४ चे ८० केले. फॅरनहाइट. आपल्या हिशेबाने साधारण २७ डिग्री, आणि २७ ला कोणी मरत नाही हे मलाही कळतं. व्हिडिओ कॉलवरून पुण्याच्या बहिणीने ते लगेच ऐकवलंही. पण तिच्या घरी वारा येतो. इथे डॅलसच्या उपनगरात ऑगस्टअखेर बाहेर ४० असताना खिडकी उघडायची सोय नसते. हॉलमध्ये पस्तीसेक माणसं रेशमी कपड्यांत, ओट्यावर मोदकपात्र धडधडतंय, आणि थर्मोस्टॅट बसवलाय बेडरूमकडे जाणाऱ्या बोळात. तो बोळातलं तापमान मोजतो. बोळात कुत्रंही नव्हतं.

मी चकती फिरवली. आकडा ढिम्म हलेना. पडद्यावर निरोप होता: ऊर्जा बचत चालू आहे, सात वाजता संपेल, सहकार्याबद्दल धन्यवाद. कसलं सहकार्य? कोणी केलं?

तर वीज कंपनीने ही चकती फुकट दिली होती. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी अख्ख्या टेक्सासचे एसी एकदम वीज ओढायला लागले की आमचं तापमान जरा वर करायची परवानगी त्या बदल्यात आम्ही दिलीय म्हणे. ती हवी तेव्हा नाकारता येते, फक्त आणीबाणी सोडून. आणि आणीबाणी आहे की नाही हे ठरवणार कंपनी. दुपारी बारालाच घर इतकं गार पडलं होतं की आईने शाल काढली, आणि पाहुणे येणार हे यंत्राला कळलं म्हणून घरात त्याचं कौतुक झालं. संध्याकाळी गळा आवळायचा म्हणून आधी गार करून ठेवतात, हे नंतर कळलं.

बोळात मी चकतीशी झटापट करत असताना मागून आवाज आला, "लोडशेडिंग आहे."

शेजाऱ्याचे वडील. जळगावचे, सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले, उभी हयात वीज मंडळात गेलेली. सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

"अण्णा, लाइट आहेत की."

"अरे, तीच तर कमाल आहे!" अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "आम्ही काय करायचो? अख्खा फीडर बंद. पंखा बंद, मोटर बंद, पिठाची गिरणी बंद. मग मोर्चा यायचा. माझ्या खुर्चीला चपलांचा हार घातलाय लोकांनी, पावसाळी चपलांचा. आणि हे बघ! दिवे चालू, फ्रिज चालू, टीव्ही चालू, तेवढा एसी अलगद काढून घेतला. रस्त्यावर एक माणूस नाही. आणि वर तुलाच धन्यवाद!"

अण्णांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं घामाने.

"एकदम किती घरांचं करतात?"

इथलं ठाऊक नव्हतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोत सुमारे २२ हजार ग्राहकांच्या थर्मोस्टॅटना वीज कंपनीने काही तास कुलूप घातलं होतं, तेवढं सांगितलं. अण्णा भिंतीला टेकले. "बावीस हजार. लाइनमन न पाठवता." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. सेवानिवृत्त माणसाला असं काही एकदम सांगू नये.

भानावर आल्यावर ते हॉलच्या दारात जाऊन माणसं मोजू लागले. "बसलेला माणूस शंभर वॉट उष्णता सोडतो. पस्तीस माणसं, साडेतीन हजार वॉट. म्हणजे एक टन! तुझ्या एसीतला एक टन हे लोकच खाऊन बसलेत. आरतीला उभे राहून टाळ्या वाजवायला लागले की आणखी. शेवटी गिरक्या घेतात ना, त्या जरा कमी करायला सांग." आणि प्रदेशाध्यक्षाच्या थाटात सोफ्यावरच्या दोन धिप्पाड पाहुण्यांकडे बघत म्हणाले, "हे दोघं गराजमध्ये बसले तर?"

या यंत्राच्या जन्माची कथा तर आणखी चीड आणणारी आहे. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर गावी वॉरन जॉन्सन नावाचे प्राध्यापक होते. हिवाळ्यात तापमान बघायला शिपाई सारखा वर्गात शिरायचा आणि मग तळघरात जाऊन भट्टी कमीजास्त करायचा. शिकवण्यात व्यत्यय नको म्हणून जॉन्सननी विजेवर चालणारा थर्मोस्टॅट बनवला, १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. शिपाई बाहेर राहावा म्हणून काढलेली वस्तू, आणि आता तिच्यातूनच कोणीतरी परका, दार न वाजवता माझ्या घरात हात घालतो. तेही बाप्पा समोर असताना.

"आधी मेन बंद कर," अण्णांनी फर्मावलं आणि चकती भिंतीवरून उपटली. मागे पाच बारीक तारा. "लाल तारेत चोवीस व्होल्ट. लाल पिवळीला टेकली की बाहेरचा कॉम्प्रेसर, हिरवीला टेकली की पंखा, पांढरीला टेकली की तुझी थंडीतली भट्टी. निळी परतीची, तिच्या जिवावर या शहाण्याचं वाय-फाय चालतं."

"म्हणजे हे नुसतं बटण आहे?"

"बटणच. कधी टेकवायचं एवढीच काय ती हुशारी. सेफ्टी पिन आण."

हॉलमध्ये सेफ्टी पिन मागताच सहा बायकांचे हात सहा खांद्यांकडे गेले. अण्णांनी एकीच्या पैठणीतली पिन निवडली, "गंज नाही," असा शेरा मारला, आणि लाल, पिवळी, हिरवी एकत्र पिळून वर पिन आवळली. कॉम्प्रेसर बंद झाल्यावर पाच मिनिटं थांबायचं असतं, नाहीतर तो बसतो. हा हिशेब एरवी चकती ठेवते. अण्णांनी घड्याळ हातात धरलं. पैठणीवाल्या वहिनी पदर धरून उभ्या. मेन सुरू. छतातून गार झोत आला आणि बाप्पाच्या आगमनालाही झाला नव्हता असा गजर झाला.

आता थांबवणार कोण, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. अण्णा एकवीस मोदकांचा डबा घेऊन घरी गेले, गोळी घेऊन झोपले. रात्री अकराला आई शाल पांघरून, बाप्पापुढची समई फडफडतेय. मग पहाटेपर्यंत मी गराजमध्ये मेनपाशी. गार झालं की बंद, उकडलं की चालू, मध्ये पाच मिनिटं. बायकोने आतून दोनदा विचारलं, "जमतंय का?" स्वरात काळजी नव्हती.

सकाळी कंपनीचं ईमेल. तुमचा थर्मोस्टॅट आम्हाला दिसत नाही, घरी सगळं ठीक आहे ना? खाली बारीक अक्षरात: मध्येच बाहेर पडल्यामुळे या मोसमाचं बक्षीस मिळणार नाही. पिन अजून भिंतीतच आहे, आणि त्या वहिनींचे दोन फोन येऊन गेले.

अण्णांनी मात्र कंपनीच्या मुख्य अभियंत्याचा पत्ता मागितलाय. अभिनंदनाचं पत्र पाठवायचंय म्हणे. चार पानं लिहून तयार आहेत, इंग्रजी मी तपासून द्यायचंय.