'आयडी दिला की झालं' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप असा, की यूएसबी मोबाइल-डेटा मॉडेमचा आयडी (ओळख क्रमांक) 'ऑप्शन' या सीरियल ड्रायव्हरच्या 'न्यू आयडी' फाइलमध्ये लिहिला की टीटीवाययूएसबी (सीरियल) पोर्ट लगेच येतात, मग लिनक्सवर मॉडेमचा एकेक इंटरफेस (आतला स्वतंत्र भाग) तपासत बसायचं कशाला?

पोर्ट येतात, हे खरं. पण तुम्हीच पुढे लिहिलंय, की डब्ल्यूवॅन० (मॉडेमचं नेटवर्क कनेक्शन) दिसत नाही. ते त्याच कमांडमुळे. क्वेक्टेल ईसी२५ हा मॉडेम घ्या. त्यात ० ते ३ हे सीरियल इंटरफेस (एटी, म्हणजे मॉडेमला द्यायच्या कमांडचा, २ क्रमांकाचा) आणि ४ हा क्यूएमआय, म्हणजे नेटवर्कचा. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) यादीत असलेल्या मॉडेमसाठी ऑप्शनने कोणता इंटरफेस सोडायचा, हे तिथेच नोंदवलेलं असतं. हाताने दिलेल्या आयडीला ती नोंद नसते, त्यामुळे ऑप्शन स्टोरेजचा भाग तेवढा सोडतो आणि मोकळं दिसेल ते सगळं धरतो. एका इंटरफेसला एकच ड्रायव्हर. क्यूएमआय-डब्ल्यूवॅन या नेटवर्क ड्रायव्हरला मग काही उरतच नाही.

एलएसयूएसबी (यूएसबी उपकरणांची यादी देणारी कमांड) 'टी' पर्यायासह चालवा. नेटवर्कच्या इंटरफेससमोर ऑप्शन दिसला, तर त्याचं नाव (१-२:१.४ असं काहीतरी) ऑप्शनच्या 'अनबाइंड' फाइलमध्ये लिहा आणि त्यानंतरच क्यूएमआय-डब्ल्यूवॅनला आयडी द्या. क्रम उलटा केलात तर तो इंटरफेस क्यूएमआय-डब्ल्यूवॅनकडे आपोआप जात नाही. हे सगळं रीबूटनंतर पुसलं जातं, म्हणून यूडेव्हचा (उपकरण जोडताच आपोआप चालणारा) नियम लिहावा लागतो.

'जोडलं गेलं, पण एक पॅकेट जात नाही' ही तक्रार वेगळी आहे. नवे मॉडेम इथरनेट हेडरशिवाय नुसतं आयपी पाठवतात. डब्ल्यूवॅन० डाउन करा, त्याच्या क्यूएमआय फोल्डरमधल्या 'रॉ आयपी' फाइलमध्ये वाय लिहा, मग अप करा. चालू असताना ते बदलत नाही. मॉडेममॅनेजर (मॉडेम आपोआप सांभाळणारी सेवा) हे स्वतः करतो, क्यूएमआयसीएलआय (हाताने चालवायची कमांड) वापरलंत तर तुम्हालाच करावं लागतं. तरीही डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ता मिळणं) अडलं, तर क्यूएमआयसीएलआयकडून चालू सेटिंग्ज मागवून पत्ता हाताने लावा. मॉडेममॅनेजर आणि क्यूएमआयसीएलआय एकाच वेळी मात्र चालवू नका, ती एकमेकांचं सेशन तोडतात.

बीएसडीवर (लिनक्ससारख्या दुसऱ्या प्रणालींवर) काय करायचं, हा मुद्दा तुम्ही रास्त काढलात. फ्रीबीएसडीवर यू३जी ड्रायव्हर सीरियल पोर्ट देतो, पुढे पीपीपीने (डायल-अप पद्धतीने) *९९# डायल करायचं. वेग कमी मिळतो, पण चालतं. ओपनबीएसडीवर यूएमबी ड्रायव्हर आहे, त्याला एमबीआयएम (क्यूएमआयऐवजी वापरायचा दुसरा नेटवर्क मोड) लागतं. ईसी२५ त्या मोडमध्ये न्यायचा तर एटी पोर्टवर एटी+क्यूसीएफजी="यूएसबीनेट",२ द्या आणि मॉडेम रीस्टार्ट करा. हे लिनक्सवर असतानाच उरकून घ्या.