परक्यांच्या भांडणात टाळ्या कशा वाजवाव्यात

गणपतीच्या दिवशी पान वाढताना डोकं शांत ठेवावं, असं आई सांगायची. २०२५च्या २७ ऑगस्टला मला ते जमलं नाही. मसालेभाताचा डाव हातात असताना मी भाऊजींना जे बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याची भरपाई म्हणून हा समाजोपयोगी लेख.

विषय असा की, ऐन लढाईत दोन दोस्त देशांचे पुढारी कॅमेऱ्यांसमोर एकमेकांवर उखडले, तर हजारो मैलांवर सोफ्यात रुतलेल्या आपण नेमकं काय करावं? याचं शिक्षण कुठल्याही शाळेत मिळत नाही. आमच्या घरात मात्र या विद्येचे आचार्य आहेत. माझे भाऊजी, ताईचे यजमान, बँकेतून निवृत्त, सध्या पूर्णवेळ परराष्ट्र धोरण. त्यांच्या पायाशी बसून जे शिकले तेच पुढे मांडते आहे.

सगळ्यात आधी, झालेला प्रसंग पूर्ण बघायचा नाही. २८ फेब्रुवारी २०२५ला व्हाइट हाउसमध्ये ट्रम्प आणि रशियाशी लढणाऱ्या युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांची बैठक झाली ती साधारण पन्नास मिनिटांची. भांडण शेवटच्या दहा मिनिटांत. त्या दहातलंसुद्धा अर्धं मिनिटच घ्यावं, खाली ढोल-ताशा लावलेलं. आधीची चाळीस मिनिटं चुकूनही पाहू नका, मत बनवणं फार अवघड होऊन बसतं. त्यात तो माणूस रशियाच्या कैदेतून सुटलेल्या आपल्या सैनिकांचे फोटो दाखवतो. पुढे अमेरिकेचे उपाध्यक्ष व्हान्स यांना विचारतो की २०१४पासून आमचा मुलूख घेतला जातोय, २०१९मध्ये शस्त्रसंधीवर सह्या झाल्या, पुतिननी ती मोडली, कैदीही सोडले नाहीत, मग तुम्ही म्हणता ती वाटाघाट कोणती? प्रश्न साधा आहे. त्याचं सरळ उत्तर त्या खोलीत कुणी दिलं नाही, तर आपण आपल्या हॉलमध्ये का द्यावं?

कपड्यांवर मात्र भरपूर बोलावं. युद्ध, सीमा, अणुकरार यांत वाचावं लागतं. कपड्यांत प्रत्येक जण जन्मतः तज्ज्ञ. दारातच ट्रम्पनी 'आज अगदी नटून आलाय' असा टोमणा मारला, आत एका पत्रकारानं सूट का घातला नाही म्हणून जाब विचारला. पाहुणा म्हणाला, युद्ध संपलं की घालेन. आपण म्हणावं, "मोठ्यांच्या घरी जाताना काही रीतभात असते की नाही?" हे म्हणताना आपण बनियनवर बसलो असलो तरी चालतं. भाऊजी बसले होते. आणि त्याच खोलीत चर्चिलचा अर्धपुतळा ठेवलेला आहे, तो चर्चिल १९४१च्या डिसेंबरात व्हाइट हाउसात मुक्कामाला आला तेव्हा सायरन सूट नावाचा एक चेनवाला अंगरखा घालून हिंडत असे, ही माहिती कुणी दिली तर लगेच पंख्याचा वेग वाढवायला उठावं.

जेवणाचं पान तयार असताना पाहुण्याला न जेवताच निघायला सांगितलं, यावर काही बोलू नये. आपल्याकडे दारात आलेल्या कुरियरवाल्यालाही पाणी विचारतात, वगैरे आठवायचं नाही.

आता मुख्य कला. थँक्यू.

व्हान्सनी विचारलं, एकदा तरी थँक्यू म्हणालात का? हे वाक्य पाठच करून टाका. भाऊजींनी दोनच दिवसांत केलं. २ मार्चला दुबईत न्यूझीलंडशी सामना होता, वरुण चक्रवर्तीनं पाच बळी घेतले तो, आणि आम्ही सगळे ताईकडे जमलो होतो. ताई चहा घेऊन आली. भाऊजींनी बसल्या जागेवरून बोट रोखलं: "एकदा तरी थँक्यू म्हणालीस का? तुझ्या हातात पत्ते नाहीत!" सगळे हसले. मीही हसले असणार, खोटं कशाला सांगू. पुढे भज्यांच्या वेळी तेच. विल्यमसन बाद झाल्यावर तेच. म्हणजे चहा तिनं करायचा, भजी तिनं तळायची आणि थँक्यूही तिनंच म्हणायचं. बत्तीस वर्षांच्या संसारात या घरात कुणी कुणाचे किती आभार मानले याची चौकशी एकदा मीच लावणार आहे. पण तो वेगळा विषय.

ज्याला हे विचारलं गेलं, तो माणूस २१ डिसेंबर २०२२ला अमेरिकेच्या काँग्रेससमोर उभा राहिला होता. आघाडीवरच्या बाखमुत शहरात लढणाऱ्या सैनिकांनी सह्या केलेला झेंडा त्यानं तिथे दिला आणि सभागृहासमोर आभार मानले. त्यानंतरही किती वेळा मानले. नाही, ते चालत नाही. आज, आत्ता, माझ्यासमोर, कॅमेरा चालू असताना मान! ही जात आपल्याला नवी आहे का? प्रत्येक घराण्यात असा एक काका असतो. भावाच्या पोराच्या फीला म्हणून कधीकाळी पाच हजार दिलेले असतात. ते पोरगं पन्नाशीला आलं, टक्कल पडलं, तरी दर लग्नात, दर बारशात, दर तेराव्याला काका जिलबी खाता खाता ते पाच हजार मोजून दाखवतो. आणि दर वेळी ते वाढलेले असतात. ट्रम्प म्हणाले, आम्ही ३५० अब्ज डॉलर दिले. अमेरिकेच्या काँग्रेसनं मंजूर केलेली रक्कम होती साधारण १७५ अब्ज, आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकेतल्याच शस्त्रांच्या कारखान्यांत खर्च झाला. काका जिलबी खातोच आहे. आणि आपण? ज्यांनी आयुष्यभर असल्या काकांचा उद्धार स्वयंपाकघरात दबक्या आवाजात केला, ते आपण त्या दिवशी काकाच्या बाजूनं टाळ्या वाजवत होतो! का? तर समोरचा कसा तोंडघशी पडला, बघायला मजा आली म्हणून. दुसरं काहीही कारण नव्हतं. परराष्ट्र धोरण नव्हतं, देशहित नव्हतं. मजा.

असो. उपरोधिक लेखात रागवायचं नसतं.

पत्त्यांबद्दल. 'तुमच्या हातात पत्ते नाहीत' हे ट्रम्पचं वाक्यही चांगलं, सोसायटीच्या सभेत पार्किंगच्या वादात छान बसतं. त्यावर झेलेन्स्की म्हणाले होते, मी पत्ते खेळत नाही. एके काळी पत्ता होता, तोही हुकमाचा. सोव्हिएत संघ फुटल्यावर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा युक्रेनच्या भूमीवर राहिला होता. ५ डिसेंबर १९९४ला बुडापेस्टमध्ये कागदावर सह्या झाल्या आणि त्यांनी तो सोडला. तुमच्या सीमा आम्ही मानू, असं लिहून देणाऱ्यांत अमेरिका होती, ब्रिटन होता आणि रशियाही होता. हात रिकामे कुणी केले, हे विचारलं की भाऊजी म्हणतात, "तेव्हाच अक्कल हवी होती." बरोबर. पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले दिले तेव्हाही असं म्हणणारे भाऊजी असतीलच.

किल्ल्यांवरून आठवलं. ज्या फेब्रुवारीत हे भांडण झालं, त्याच फेब्रुवारीत आपण थिएटरात बसून इतिहासावर ढसाढसा रडत होतो. १२ मे १६६६ला आग्र्याच्या दरबारात महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं आणि ते पाठ फिरवून निघाले, हे सांगताना आपला आवाज अजून कापतो, कापायलाच हवा. मी तुलना करत नाही. मुळीच नाही, उगाच पत्रं पाठवू नका. एवढंच विचारते की, बोलावलेल्या पाहुण्याचा भरदरबारात पाणउतारा केल्यावर हसायचं असतं, हे आपल्याला शिकवलं कुणी?

'मी आधीच सांगितलं होतं' हे वाक्य निकाल लागल्यावरच म्हणावं.

पानिपत काढू नये. दोस्तांत फाटलं, सूरजमल जाट निघून गेला, त्याला अडीचशेहून जास्त वर्षं झाली आणि त्याचं ऐकायला हवं होतं की नाही यावर आपलं अजून एकमत नाही. पंगत संध्याकाळपर्यंत उठणार नाही.

दुसऱ्या बाजूच्या शहाण्यांसाठीही पथ्यं आहेत, कारण मी त्यांतली. २०२२च्या मार्चमध्ये मी मोबाइलवर माझ्या फोटोभोवती निळा-पिवळा झेंडा लावला, सूर्यफूल लावलं. महिन्याभरात सूर्यफुलाच्या तेलाचा डबा महागला तेव्हा माझी कळकळ शेंगदाणा तेलाकडे वळली. दिवाळीत झेंड्याच्या जागी पणती आली. झेंडा कधी उतरवला ते आठवतसुद्धा नाही.

मत बदलायला लाजू नये. थोरामोठ्यांचा आदर्श समोर ठेवावा. २०२५च्या १९ फेब्रुवारीला ट्रम्पनी झेलेन्स्कींना निवडणुका न घेणारा हुकूमशहा म्हटलं. २७ला त्यांना त्याची आठवण करून दिली, तर म्हणाले, मी असं म्हणालो? विश्वास बसत नाही. २८ला पाहुण्याला दाराबाहेर काढलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रं थांबवली, गुप्त माहिती देणं थांबवलं. ११ मार्चला सौदीतल्या जेद्दाहमध्ये बोलणी झाली, दोन्ही पुन्हा सुरू. एप्रिलच्या शेवटी खनिजांचा करारही झाला. १५ ऑगस्टला, आपण झेंडावंदन करून जिलबी खात असताना, अलास्कात पुतिनसाठी लाल गालिचा. १८ ऑगस्टला झेलेन्स्की परत व्हाइट हाउसमध्ये, काळा कोट घालून, सोबत युरोपातले निम्मे पुढारी, आणि बसल्या बसल्या थँक्यू, थँक्यू, थँक्यू. त्याच पत्रकारानं कोटाचं कौतुक केलं. झेलेन्स्की म्हणाले, मी बदलला, तुमचा मात्र तोच आहे. भाऊजींचा निष्कर्ष: "बघितलंस? शिकला. कोट घातला की कामं होतात."

तिथून नऊ दिवसांनी गणेशचतुर्थी. सकाळी साडेनऊच्या सुमारास, आमचे गुरुजी अजून दुसऱ्या कुणाच्या तरी घरी अडकलेले होते तेव्हा, भारतीय मालावर अमेरिकेचं पन्नास टक्के आयात शुल्क लागू झालं. त्यातले पंचवीस रशियाचं तेल घेतो म्हणून. कोळंबीवाले, कापडवाले, हिरेवाले सगळ्यांच्या पोटात गोळा. भाऊजी सोवळं नेसून आले ते धुमसतच. "ही काय पद्धत झाली? मित्र म्हणवता आणि जगासमोर अपमान करता? आपण काय त्यांचे नोकर आहोत? देशाला काही स्वाभिमान आहे की नाही?" आरती झाली, ताटं मांडली, यांचं चालूच. पहिला मोदक फोडून तुपाची वाटी त्यावर उपडी करत म्हणाले, "सार्वजनिक ठिकाणी असं बोलणं म्हणजे असभ्यपणाचा कळस आहे."

तेव्हा माझ्या हातातला डाव ताटावर आपटला.

कारण त्या पंगतीत वाढायला माझी भाची होती. सकाळपासून एकवीस मोदकांना कळ्या पाडून तिची बोटं सुरकुतली होती. भाऊजी, तुम्ही विसरलात, मी आठवण करून देते. ती युक्रेनमध्ये खार्किवला डॉक्टर व्हायला गेली होती. १ मार्च २०२२ला तिथे कर्नाटकातला एक मुलगा खाण्याच्या वस्तूंसाठी रांगेत उभा असताना मारला गेला. दुसऱ्या दिवशी आपल्या दूतावासानं सांगितलं, संध्याकाळी सहाच्या आत शहर सोडा, गाडी नसेल तर चालत निघा. शहराबाहेरचं पिसोचिन अकरा किलोमीटर. ती चालत गेली, बर्फातून, पाठीवरच्या पिशवीत पासपोर्ट आणि बिस्किटांचा अर्धा पुडा. त्या दिवशी माझ्या भावाला तुम्हीच धीर देत होतात. उरलेलं शिक्षण तिनं जॉर्जियात पुरं केलं, आता इथल्या परीक्षेला बसते आहे.

ती तारीख २ मार्च. बरोब्बर तीन वर्षांनी, त्याच तारखेला तुम्ही ताईवर बोट रोखून थँक्यूची नक्कल केलीत, तेव्हा ती उठून गॅलरीत गेली. मला वाटलं फोन आलाय. कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. ते तिनं मला परवा सांगितलं, भांडी विसळताना. खार्किवमधल्या घरमालकीणबाई अजून तिला निरोप पाठवतात. भांडणाच्या त्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं, आमच्या माणसाचं काय चुकलं? हिनं काय उत्तर द्यायचं? की आमच्याकडे सगळे हसले?

तुम्हाला ट्रम्प आवडतात, आवडू देत. झेलेन्स्कींनीही चुका केल्या असतील, त्यावर भांडा माझ्याशी, रात्रभर भांडा. पण ज्याच्या गावावर त्या रात्रीही ड्रोन पडत होते, त्याच्या फजितीवर घरात पोरगी बसलेली असताना नकला करायच्या, आणि स्वतःच्या खिशाला चिमटा बसला की सभ्यतेवर प्रवचन द्यायचं, ही निर्लज्जपणाची हद्द आहे. बाकी बरंच बोलले, पण तुमच्या वयाकडे बघून त्या दिवशी हे शब्द गिळले होते. आता लिहिते.

गौरीजेवणाला तुम्ही आला नाहीत. ताई एकटीच आली, म्हणाली, तुम्ही रुसला आहात. रुसा. भाचीनं तुमचा डबा भरून पाठवला तो कुणी भरला हे ताईनं सांगितलं असेल, नसेल तर मी सांगते. तिचा नंबर तुमच्याकडे आहे. फोन करा.