गंगामाईची सेवा कशी करावी

परवा संध्याकाळी नाशिकात गोदावरीवरच्या (आमची गंगामाई ती हीच) रामवाडीच्या पुलावर माझ्या पुढच्या ॲक्टिवाने मधोमध कचकन ब्रेक मारला. मी आदळता आदळता वाचलो. मागे बसलेल्या ताईंनी गच्च गाठ मारलेली कॅरीबॅग जाळीवरून नदीत भिरकावली आणि हात जोडले. मी म्हटलं, "अहो, काय हे?" तर दादा म्हणाले, "काका, निर्माल्य आहे."

बरोबरच आहे. चूक माझी, मला सेवेतलं काही कळत नाही. पण आता कळायला लागलंय, म्हणून नवशिक्या भक्तांसाठी या चार सूचना.

पिशवीची गाठ सोडू नये. मोकळी फुलं बिचारी कुजून जातात, बंद पिशवी पार खालच्या सायखेडा गावापर्यंत दर्शन देत जाते.

निर्माल्य कलश वीस पावलांवर असला तरी तो इतरांसाठी असतो.

गाडी घाटावरच धुवावी. तिलाही पुण्य लागतं.

शहरातून वाहत गोदावरीला मिळणाऱ्या नासर्डी नदीला नाला म्हणावं, म्हणजे मनाला लागत नाही. नंदिनी हे नाव भाषणापुरतं राखून ठेवावं.

नदीवर पानवेली, म्हणजे जलपर्णी, दिसली की फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकावा, खाली लिहावं 'प्रशासन झोपलंय का?' आणि आपण झोपावं. तिला खाऊ कोण घालतं हे विचारू नये. सांडपाण्यातलं नत्र आणि फॉस्फरस खाऊन ती माजते, आणि ते सांडपाणी काही आभाळातून पडत नाही, तुमच्या-आमच्या संडास-मोरीतून येतं! वेलीचा गालिचा पसरला की खाली ऊन जात नाही, ऑक्सिजन संपतो, मासे उलटे होऊन वर येतात. मशीन लावून काढली तरी पंधरा दिवसांत पुन्हा तेवढीच. उरलेली वाहत वाहत नांदूरमध्यमेश्वरला जाते. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं राज्यातलं पहिलं पाणथळ ते. हिवाळ्यात दुर्बीण गळ्यात अडकवून आपण तिथे फ्लेमिंगो बघायला जातो आणि वर म्हणतो, "इथे वास का येतोय हो?" वास तुमचाच आहे, साहेब. तुमच्या आधी पोचलाय.

आपल्याला काय, आपण पितो गंगापूर धरणाचं, शहराच्या वरचं. एक शनिवार नळ आला नाही तर गल्लीभर बोंब. आपण घाण करून सोडलेलं पुढे चांदोरी-सायखेड्याच्या दारावरून जातं, मग जायकवाडीत, आणि तिथून संभाजीनगर, जालन्याच्या नळाला. त्यांनी काय पाप केलंय? २०२७ ला सिंहस्थात लाखो लोक रामकुंडात बुडी मारतील, ती कशात मारणार? आईच्या अंगावर रोजचा कचरा फेकायचा आणि वर हात जोडायचे, लाज कशी वाटत नाही?

आणि ताई, तुमची पिशवी पाण्यात पडलीच नाही. कडेच्या चिखलात पडली आणि फुटली. मी खाली उतरून बघितलं. झेंडू, उदबत्तीचा पुडा, आणि काच फुटलेला गणपतीचा फोटो. कुत्रा हुंगत होता.